हलता आकडा, बंद दार

एका शीतगृहाच्या तापमानाचा आकडा चुकला. त्या आकड्यामुळे एका बाईच्या कमरेची चावी काढून घेतली गेली. आकडा दाखवणारं यंत्र मी बनवलेलं होतं. बातमी एवढीच आहे.

चौलला सुपारीच्या वाडीला लागून माझी दोन खोल्यांची कार्यशाळा आहे. तिथे मी मोजायची यंत्रं बनवतो: टाकीतलं पाणी, वाडीतल्या मातीची ओल, बर्फाच्या कारखान्यातलं तापमान. त्याआधी पाच वर्षं अलिबागच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला उपसंपादक ठेवण्यामागे मालकांचा विचार सरळ होता. टेलिप्रिंटर बिघडला की मुंबईहून माणूस बोलवावा लागत नसे.

त्या कचेरीत दोन गोष्टी शिकवल्या गेल्या. ज्याच्यावर ठपका येणार आहे, त्याला छापण्याआधी विचारायचं. आणि चूक ज्या पानावर, ज्या जागी छापली, दुरुस्तीही त्याच पानावर, त्याच जागी छापायची. पहिली गोष्ट मी ऐन वेळी विसरलो. दुसरी आठवली, म्हणून आज हे लिहिता येत आहे.

माझ्या धंद्यातली गिऱ्हाइकं आकड्यावर रागावतात, हे आधी सांगायला हवं. काशीदच्या एका लॉजमालकाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी दाखवणारं यंत्र हवं होतं. बसवल्यावर आठवड्याभरात ते परत घेऊन आले. म्हणाले, "हे सारखं निम्मं दाखवतं. पाहुण्यांना दिसतं ते." टाकी निम्मीच भरत होती. "तरी पाऊणच्या खाली दाखवू नका," म्हणाले. यंत्र मी परत घेतलं. सोयीचा आकडा आपण दाखवत नाही, याचा तेव्हा मला बराच अभिमान होता.

आता थोडं यंत्राबद्दल. आत नखाएवढी एक चिप असते, मायक्रोकंट्रोलर. तिला फक्त आकडे कळतात. सेन्सरकडून येतो तो विजेचा दाब. थंडी कमीजास्त झाली की हा दाब कमीजास्त होतो. त्याचा आकडा करायचा तर तो कशाशी तरी ताडून बघावा लागतो. ज्याच्याशी ताडायचं, त्या ठरलेल्या दाबाला रेफरन्स म्हणतात. चिपच्या एका पायाला, म्हणजे पिनला, तो दिलेला असतो. भरतीचं पाणी मोजायला खाडीत खुणांची काठी रोवतात, तशी ही काठी. काठी पक्की असेल तर माप खरं. तीच काठी होडीला बांधली तर? पाणी स्थिर असलं तरी होडी हलेल आणि माप वरखाली होईल. बघणारा म्हणेल, पाणी हललं.

मी काठी होडीला बांधली होती. चिपला वीज पुरवणारी तारच मी रेफरन्सच्या पिनलाही जोडली होती, मध्ये काहीही न ठेवता. पुष्कळ जण तसं करतात. घरात, दुकानात ते चालूनही जातं.

काशीदच्या पलीकडे एक कोळीवाडा आहे. नाव इथे देत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. तिथल्या मच्छीमार सोसायटीने बंदराच्या धक्क्यावर छोटं शीतगृह बांधलं. गोठवलेली मासळी तिथे उणे अठरा अंशांवर ठेवायची. खरेदीदार होते हनीफभाई, रेवदंड्याचे. त्यांची बारा वर्षं आखातातल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये गेली होती. त्यांची अट एकच होती: तापमानाची मिनिटा-मिनिटाची नोंद हवी. उणे पंधराच्या वर गेलेला माल ते घेणार नव्हते. नोंद ठेवणारं यंत्र माझं. कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा इशाराही तेच द्यायचं. दर मिनिटात दिसलेला सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत उबदार आकडा तेवढा नोंदवायचा, हे मीच ठरवलं होतं. वाईटात वाईट काय झालं ते कळलं पाहिजे, असा विचार. मथळे लावायची सवय अशी लवकर जात नाही.

शीतगृहाची चावी हिराबाईंकडे होती. वय पंचावन्नच्या आसपास. मासळी निवडणं, गोठवणं, विकणं यात हयात गेलेली. सोसायटीची चावी बाईच्या कमरेला लागलेली वाड्यात काहींना रुचली नव्हती. पण चेअरमननी तो निर्णय रेटला होता. चेअरमनना सगळे नाखवा म्हणत.

महिनाभरात नोंदीत उंचवटे दिसू लागले. रोज सकाळी, साधारण एकाच वेळी, तापमान उणे अकरापर्यंत चढलेलं. पाच-दहा मिनिटांत परत जागेवर. ती वेळ होड्या बर्फ भरून घेण्याची. धक्क्यावर गर्दी, हिराबाई दाराशी. वाड्याने निष्कर्ष काढला: हिरा दार उघडं टाकून गप्पा हाणते.

नाखव्यांचा फोन आला. "इंजिनेरसाहेब, तुमचा यंत्र खरा की आमची हिरा खरी, येवढं लेखी द्या."

मी इंजिनिअर नाही, हे त्यांना तीनदा सांगून झालं होतं. यंत्र काढून चौलला आणलं. टेबलावर दोन दिवस चालवलं. आकडा इकडचा तिकडे झाला नाही. मग पत्र लिहिलं: "यंत्र तपासले. निर्दोष आहे. तापमानातील वाढ शीतगृहाचे दार उघडे राहिल्याने झाली असावी." 'असावी' हा शब्द जुन्या सवयीने घातला. वाचणाऱ्यांनी तो गाळून वाचला. पत्र सोसायटीच्या फळ्यावर लागलं आणि चावी नाखव्यांच्या खिशात गेली. हिराबाईंना निवडणीच्या ओट्यावर बसवलं गेलं.

चार दिवसांनी, दुपारच्या एसटीने, हिराबाई चौलला आल्या. तोवर त्यांच्याशी माझं एक वाक्यही झालेलं नव्हतं. दारातच म्हणाल्या, "मासली आनली न्हाय. आनली आसती तर तुमाला वाटला आसता, गोड बोलाया आली."

त्यांना बसायला खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"यंत्र तुमी तपासलाव?"

"हो. दोन दिवस."

"कुठं?"

"इथेच. या टेबलावर."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कपाट, टेबल, पंखा, खिडकीबाहेरची सुपारी. "हितं क्रशर कुठं हाय?"

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. सकाळी होड्यांसाठी बर्फाच्या लाद्या फोडायचं मशीन लावतात. ते शीतगृहाच्या भिंतीला टेकून आहे. "क्रशर लागला का तुमचा आकडा नाचतो. दार बंद आसला तरी नाचतो. नाखव्याला सांगितला, तर म्हनतो, हिरा, तू कवा इंजिनेर झालीस?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलाव कवा?"

  पहिल्या वर्षाचा उमेदवार बातमीदारही जे चुकला नसता, ते मी चुकलो होतो. ठपका असलेल्या बाईला न विचारता पत्र दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर यंत्र पुन्हा जागेवर बसवलं. नाखव्यांनी स्वतःच्या हाताने दाराला कुलूप घातलं आणि चावी मुठीत धरली. हनीफभाईही आले होते. हिराबाई दारापासून दहा पावलं लांब, कमरेवर हात ठेवून उभ्या. क्रशर सुरू केला. आकडा उणे अठरावरून उणे अकरावर, तिथून उणे एकवीसवर, परत उणे तेरावर. कुलूप तसंच लटकत होतं.

पहिल्यांदा हनीफभाई बोलले. "उणे एकवीस? या खोलीची ताकद तरी आहे काय तेवढी? नाखवा, दार उघडं ठेवून थंडी वाढते हे मला ठाऊक नव्हतं. आता मीपण गोदामाचं उघडंच ठेवतो."

लोक हसले. नाखवा हसले नाहीत, पण कुलपाकडे आणि आकड्याकडे आळीपाळीने बघत राहिले. हिराबाईही हसल्या नाहीत.

घडलं होतं ते असं. क्रशरच्या मोटरचा धक्का विजेच्या तारेत येत होता, तिथून माझ्या यंत्रात, तिथून रेफरन्सच्या पिनवर. काठी वरखाली, म्हणून आकडा वरखाली. त्यातला वरचा तेवढा नोंदवायचा हा माझाच नियम, त्यामुळे उणे एकवीस कधी कागदावर आलंच नाही. ते आलं असतं तर पहिल्याच दिवशी शंका आली असती.

याला उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. आमच्या वाडीत विहिरीवरचा पंप पाणी हिसक्याने टाकतो. ते सरळ पाटात सोडलं तर पाट फुटतात. म्हणून मध्ये हौद असतो. हिसके हौदात जिरतात, पाटाला पाणी एकसारखं जातं. रेफरन्सच्या वाटेवर असाच हौद बांधायचा. कपॅसिटर हा हौद, आणि त्याच्या तोंडाशी एक रेझिस्टर, म्हणजे बारीक तोटी. सोल्डरिंग आयर्न, म्हणजे डाख द्यायचं हत्यार, बरोबर होतंच. धक्क्यावरच, आइसबॉक्सच्या झाकणावर बोर्ड ठेवून दोन्ही जोडले. तोटी जरा जास्तच बारीक घेतली. एकही धक्का आत येता कामा नये, अशी ईर्ष्या होती.

क्रशर पुन्हा लावला. आकडा हलला नाही. उणे अठरा. नाखव्यांनी माझी पाठ थोपटली. हिराबाईंना म्हणाले, "आठ दिस रेघ अशीच सरळ ऱ्हावदे. मंग शिमग्याच्या सभेत चावी तुला परत. समद्यांच्या म्होरं."

सभा नवव्या दिवशी होती. हिशोब बरोबर बसत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिराबाईंचा फोन आला.

"भाऊ, आकडा गप हाय. पन मासा नरम वाजतो."

इथे त्यांची पद्धत सांगायला हवी. गोठवलेले दोन मासे हातात घेऊन त्या एकमेकांवर आपटतात. पक्की गोठलेली सुरमई सुक्या नारळासारखी टणक वाजते. दोन-तीन अंशांनी ढिली पडली की आवाज ओल्या लाकडासारखा होतो. त्या वाड्यातल्या जुन्या बायकांना हा फरक कळतो. मला आजही नेमका कळत नाही. निवडणीच्या ओट्यावर माल बाहेर काढला होता, तेव्हा त्यांनी वाजवून बघितला होता.

"नाखव्यांना सांगितलंत?"

"सांगितला. म्हनतो, आकडा आठरा हाय, तू गप ऱ्हा. आता आकडा हालत न्हाय तर मासा हालतो म्हनतेस?"

हिराबाईंसमोर काय होतं ते वाचणाऱ्याने लक्षात घ्यावं. सरळ रेघ ही त्यांचीच साक्ष होती. आणखी पाच दिवस ती सरळ राहिली असती की चावी परत आणि वाड्याची तोंडं बंद. यंत्र पुन्हा चुकतंय असं त्यांनी म्हटलं की आठ दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू, म्हणजे सभेच्या पुढे. त्यापुढची सभा पावसाळ्यानंतर. शिवाय लोक म्हणणार, या बाईला यंत्रच नको आहे.

मी नाखव्यांना फोन करून कॉम्प्रेसर हाताने चालू करायला सांगितलं. "यंत्राकडे बघू नका, मी पोचतो." त्यांनी दोनदा "नक्की ना?" विचारून चालू केला.

धक्क्यावर गेलो आणि तीन दिवसांपूर्वी करायची ती चाचणी केली. फुटलेला बर्फ आणि थोडं पाणी एका बादलीत कालवलं की त्याचं तापमान शून्य असतं. सेन्सर त्यात बुडवला की आकडाही शून्य यायला हवा. यंत्राने उणे चार दाखवलं. अगदी शांतपणे, न हलता.

दुरुस्तीनंतर ही चाचणी मी केली नव्हती. आजूबाजूला टनावारी बर्फ पडलेला असताना केली नव्हती. रेघ सरळ आली आणि मी समाधानी झालो.

कारण पुढे सापडलं. रेफरन्सची पिन नुसती बघत बसत नाही. प्रत्येक मापाला ती हौदातून घोटभर पाणी पिते. खोलीत चार सेन्सर, सेकंदाला शेकडो मापं. तोटी फार बारीक असली तर पिण्याच्या वेगाने पाणी भरून येत नाही आणि हौदाची पातळी खाली बसते. हिसके गेले, पण काठीच गाळात रुतली. काठी रुतली की तिच्यावर पाण्याचं माप जास्त दिसतं, आणि माझ्या सर्किटात माप जास्त म्हणजे थंडी जास्त. खोली प्रत्यक्षात उणे चौदावर होती. यंत्र उणे अठरा म्हणत होतं आणि त्याच भरवशावर कॉम्प्रेसर थांबवत होतं.

हलणारा आकडा निदान संशय तरी येऊ देतो. न हलणाऱ्या चुकीच्या आकड्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो. माझाही बसला होता. काशीदच्या लॉजमालकाला जे दिलं नाही, ते मी इथे फुकट देऊन बसलो होतो.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी नीट केली. रेफरन्ससाठी वेगळी चिप बसवली. तिचं काम फक्त ठरलेला दाब धरून ठेवणं, बाकी बोर्डवर काहीही चालो. तोटी रुंद केली. हौद दोन ठेवले, एक मोठा आणि एक लहान, आणि लहान अगदी पिनला चिकटून, कारण हौदापासून पिनपर्यंतची लांब वाटही धक्के गोळा करते. नोंदीत आता खालचा आकडाही येतो. मग बर्फाची बादली. शून्य. मग क्रशर. शून्य. हे सगळं धक्क्यावरच केलं, टेबलावर नाही. माल वाचला. दोन क्रेट नरम पडले होते, ते नाखव्यांनी त्याच दिवशी ताजे म्हणून वाड्यात खपवले. हनीफभाईंना त्यांनी ते स्वतःहून सांगितलं.

बादलीपाशी मी हिराबाईंना म्हटलं, "पाच दिवस थांबला असतात तर चावी मिळाली असती."

"मिलाली आसती. मंग दार उघडून काय बगत बसली आसती? नरम मासा?"

सभा ठरल्या दिवशी झाली. नवी मोजणी तोवर चारच दिवसांची झाली होती. सोसायटीच्या फळ्यावर माझं पहिलं पत्र अजून टाचलेलं होतं. मी दुसरं लिहून आणलं होतं, त्याच आकाराच्या कागदावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. उभं राहून वाचलं: "शीतगृहाचे यंत्र निर्दोष असल्याचे पत्र मी दिले होते. ते चुकीचे होते. यंत्र सदोष होते. त्यानंतर मी केलेली दुरुस्तीही चुकीची होती. दोन्ही चुका हिराबाईंनी दाखवून दिल्या. पहिले पत्र देण्यापूर्वी मी त्यांना विचारले नव्हते, याबद्दल दिलगीर आहे."

मजकूर आखीव होता. मला तो पुरेसा वाटला. मागच्या सतरंजीवरून हिराबाई म्हणाल्या, "परत वाचा."

परत वाचला.

"दार बंद होता, ते न्हाय त्याच्यात."

खरंच नव्हतं. यंत्राबद्दल सगळं लिहिलं होतं. ज्या वाक्याने त्यांची चावी गेली होती, ते वाक्य तेवढं मागे घ्यायचं राहिलं होतं. मी खिशातून पेन काढलं आणि कागद गुडघ्यावर ठेवून सर्वांत वर ओळ लिहिली: "दार बंद होते." मग पत्र पहिल्यापासून तिसऱ्यांदा वाचलं.

नाखव्यांनी मोजणीचा विषय काढला नाही. खिशातून चावी काढून त्यांनी ती हिराबाईंपुढे धरली. "घे. आनि उद्या पाच वाजता दार उघड, हनीफभाईची गाडी येते."

"पाचला क्रशर नको लावू," हिराबाई म्हणाल्या. "आधी मासा वाजवून देते त्याला."

तेव्हापासून माझ्या कार्यशाळेतलं कुठलंही नवं यंत्र गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी आठ दिवस त्या शीतगृहात, क्रशरच्या भिंतीला टांगलेलं असतं. नाव मुद्दाम दिलं नाही ते यासाठी. दुसऱ्यांनीही तिथे यंत्रं टांगायला सुरुवात केली तर हिराबाईंना माझ्याकडे बघायला सवड राहणार नाही. तपासणीचा छापील कागद मी बदलला आहे. सर्वांत वर, माझ्या सहीच्या बऱ्याच आधी, एक ओळ आहे: "इथे रोज काम करणाऱ्याचे म्हणणे." ती भरल्याशिवाय खालचं काही भरायचं नाही. गेल्या काही वर्षांत त्या ओळीने माझ्या अकरा यंत्रांना परत चौलला पाठवलं आहे, आणि त्या अकरांपैकी एकही उगाच आलं नाही. धंद्यात माझं जे थोडं नाव आहे, त्याचा मोठा वाटा त्या ओळीत आहे.

आजच्या डाकेने तो कागद आला. यंत्र नव्या धाटणीचं आहे, रेफरन्सचं काम मी चारदा तपासलेलं आहे. हिराबाईंच्या अक्षरात वरच्या ओळीत लिहिलंय: "आकडा बरा हाय. कोपऱ्यातला सेन्सर जरा जास्त थंड सांगतो. येऊन बगा."

उद्या सकाळी क्रशर लागायच्या वेळेला धक्क्यावर पोचायचं आहे.